टाइम ऑफिसच्या खिडकीतली वैजूताई

आमच्या कंपनीच्या गेटवर दोन घड्याळं होती. एक भिंतीवरचं, कंपनीचं. दुसरं वैजूताईच्या मनगटावरचं. दोघांत फरक पडला की कंपनीचं चुकलं असं आम्ही धरून चालायचो. तीही तसंच धरून चालायची. शिपायाला स्टुलावर चढवून भिंतीवरचे काटे सरळ करून घेतल्याशिवाय ती सकाळचा पहिला चहा घेत नसे.

रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतली आमची ती रसायनांची मध्यम आकाराची कंपनी. मी तिथं स्टोअरमध्ये. गेटमधून शिरलं की डाव्या हाताला टाइम ऑफिसची खोली, तिला जाळीची एक खिडकी, आणि त्या खिडकीत वैजूताई. वैजयंती पाटील हे तिचं पूर्ण नाव निम्म्या लोकांना तिच्या निरोपाच्या दिवशी फलकावर वाचून कळलं. काम टाइमकीपरचं. कोण कधी आत आला, कधी बाहेर गेला, ओव्हरटाइम कुणाचा, रजा कुणाची, हे सगळं तिच्याकडे. टाइमकीपर हा माणूस कुठल्याच कंपनीत फारसा कुणाला आवडत नाही. कंडक्टर आणि पोलीस यांच्या मधला कुणीतरी, अशी त्याची गणना. आम्हीही वैजूताईला आधी वचकूनच होतो. ती आवडते हे आम्हाला बरंच उशिरा कळलं, आणि मला तर असं कळलं की ते मी जन्मभर विसरायचो नाही.

हाडापेरानं मजबूत बाई. कपाळावर ठसठशीत टिकली, केसांत जे फूल मिळेल ते. घड्याळ ती मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची, त्यामुळे वेळ बघताना तिचा तळहात उताणा व्हायचा. तिनं हात उताणा केला की समोरच्यानं समजून जावं, आपल्याला उशीर झालाय. तोंडानं बोलायची गरजच पडत नसे. तरी ती बोलायचीच.

"पाचच मिनिटं झाली गो ताई," कुणी म्हणालं की तिचं ठरलेलं उत्तर असे, "पाच मिनिटां म्हंजे कुनाची? तुझी का माझी? माझी सात झाली."

आत येणाऱ्याला ती नावानं हाक मारी आणि बाहेर जाणाऱ्याला म्हणे, "सुटलास रं, जा." रोज, प्रत्येकाला, तोंड बघून. झाडूवालीला "सुटलीस गो, जा," आणि मॅनेजरसाहेबांना "सुटलांव सायेब, जा." साहेब पुण्याचे. सुरुवातीला त्यांना ते कसंसंच वाटायचं. पुढं पुढं एखाद्या दिवशी ताई फोनवर असली आणि म्हणाली नाही, तर साहेब गाडी हळू करून खिडकीकडे बघायचे.

तिचं गाव पेणच्या पलीकडे, वडखळच्या बाजूचं, खाडीकाठचं. बाप मिठागरात राबलेला. ती लग्नानंतरही त्याच गावात राहिली, कारण नवराही शेजारच्याच आळीतला. रोज सकाळी पेणहून गाडी धरून रोह्याला यायची. ती गाडी म्हणजे देवाची गाडी. तिच्या मनात आलं की पेणच्या आधी जिते स्टेशनात उभी राहील, नाहीतर पुढं नागोठण्याला. एकदा पावसात नागोठण्याला आंबा नदीचं पाणी चढलं. गाडी नाही, रस्ता नाही. ताई कुणाच्या तरी डंपरमधून दुपारी पोचली, गुडघ्यापर्यंत चिखल. खोलीत शिरून खुर्चीवर बसायच्या आधी तिनं मस्टर ओढलं आणि स्वतःच्या नावापुढे खरी वेळ लिहिली.

साहेब तिथंच उभे होते. म्हणाले, "ताई, पुराला तुम्ही काय करणार? नेहमीची वेळ लिहा."

"पुरासाठी शेऱ्याचा रकाना हाय सायेब. तिथं लिवा पूर, आनि करा माफ. वेलंच्या रकान्यात वेलच येनार."

साहेबांनी शेरा लिहिला, सही केली आणि कँटीनमधून तिच्यासाठी चहा मागवला. आम्हाला वाटलं, बाई भारीच कडक. कडक होतीच. पण तिचा कडकपणा दोन्ही बाजूंनी चालायचा, हे आमच्या रघुनाथ फिटरमुळे सगळ्यांना समजलं.

रघुनाथ म्हणजे कामाचा बैल. सुट्टी झाल्यावर निघाला होता, तेवढ्यात कुठला तरी व्हॉल्व्ह गळायला लागला म्हणून पुन्हा आत गेला. खूप वेळानं हात पुसत बाहेर आला. ताईनं वेळ लिहायला घेतली तर हा म्हणतो, "र्‍हाव दे ताय, कार्ड मघाशीच मारलाय. थोडक्यासाठी कशाला?"

ताई उठून खिडकीशी आली. "र्‍हाव दे कसा? तुझी पोरां घरी वाट बघत व्हती तो वेल काय रस्त्यावर पडलेला व्हता? तू दिलास, मंग मी लिवनार. बस तिथं."

रघुनाथ बसला. तिनं लिहिलं, त्याला वाचून दाखवलं, मगच सोडलं. त्या दिवसापासून जुनी माणसं तिच्याबद्दल बोलताना आवाज थोडा खाली आणायला लागली. आपला वेळ कुणी असा जपतं म्हटल्यावर माणसाला बरं वाटतंच.

आता गंमत ऐका. ही घड्याळाची बाई गेटच्या बाहेर पडली की तिला वेळेचं काही म्हणजे काही भान नसायचं. लग्नाला बोलवा, ती पंगत उठल्यावर येणार. बारशाला बोलवा, मूल पाळण्यात झोपून गेल्यावर. माझ्या लग्नात ती पोचली तेव्हा मांडववाले दोऱ्या सोडत होते. हातात पेणच्या पोह्याच्या पापडांचा हा एवढा डबा, आणि चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नाही. "वाटंत मावशी भेटली," एवढंच. तिच्या घरच्या भिंतीवरचं घड्याळ कायमचं बंद. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "घरात कुनी कामाला लागलेला नाय. घरात घड्याल कशाला?"

दर थंडीत ती आम्हा दहा-पंधरा जणांना गावी पोपटीला न्यायची. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात रचून मडक्यात भरायचं, मडकं उपडं घालून वर पेंढा-गवऱ्यांचा जाळ करायचा. आमच्यातला एक इंजिनीयर मोबाइलवर वेळ लावून बसला. ताई हसून लोळायची बाकी राहिली. "पोपटीला घड्याल नाय रं बाबा, पानी शिंपडायचा." तिनं ओंजळभर पाणी मडक्यावर मारलं. चर्र झालं. "झाली," म्हणाली. उघडली तर शेंगा अशा शिजलेल्या की नुसत्या दाबाव्यात आणि दाणे तोंडात पडावेत. मोबाइलची वेळ अजून व्हायची होती.

त्याच रात्री नव्हे, पण अशाच एका पोपटीच्या संध्याकाळी तिनं आम्हाला खारबांध दाखवला. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मध्ये तो मातीचा बांध. उधाणाच्या भरतीला बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन काही वर्षं तरी पिकायची नाही. त्याला ते लोक खांड पडणं म्हणतात. खांड पडली की गावात हाळी जाते आणि घरटी एक माणूस चिखलात उतरतो.

"माझा बापूस उतरायचा," ताई म्हणाली. "आमी पोरां वर उभी. काम झाला की गावचा म्हातारा बांधावर उभा र्‍हायचा आनि एकेका घराचा नाव घेऊन हाक मारायचा. ज्याचा नाव घेतला त्यानं सोता ओ द्यायची. भावानं दिलेली चालायची नाय, शेजाऱ्यानं दिलेली चालायची नाय. कालोखात चिखलात कोन रुतून र्‍हायला, कसा समजनार? शेवटची ओ येईपर्यंत कुनी घरी जायचा नाय. भात थंड झाला तरी."

तेव्हा आम्ही ते ऐकलं आणि पुन्हा शेंगांकडे वळलो. मला ते पुढं आठवणार होतं.

आता आमच्या कंपनीतल्या एका चालीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे निम्मे कामगार रोह्याकडचे, निम्मे पेणकडचे. पेणच्या पोरांना गणपतीच्या आधी सुट्टी हवी, कारण घरोघर मूर्तींचे कारखाने. रंगकाम, डोळ्यांची आखणी, सगळी घाई शेवटच्या दिवसांत. ज्याचा हात चांगला त्याला तेव्हा सोन्याचा भाव. रोह्याच्या पोरांना सुट्टी हवी दसऱ्यानंतर, धावीर महाराजांच्या पालखीला. पालखी दारी येणार आणि घरचा माणूस कंपनीत, हे रोहेकराला मरणापेक्षा वाईट. कंपनी एवढ्या सगळ्यांना एकदम रजा देणार नाही, म्हणून पोरांनी आपापसांत तोड काढली होती. तिचं नाव तासांची भिशी. गणपतीआधी पेणकराच्या नावावर रोहेकर उभा राहणार, पालखीला रोहेकराच्या नावावर पेणकर. कार्डं एकमेकांकडे द्यायची. यंत्राला काय, कार्ड दाखवलं की ते टुक करून माणूस आला म्हणतं. सुपरवायझरांना माहीत होतं. पाळीला माणूस उभा आहे ना, मग नाव कुणाचं का असेना, असा त्यांचा खाक्या.

ताईला संशय होता. दोनदा तिनं पोरांना खिडकीशी उभं करून झापलंही होतं. "सुट्टी पायजे तर मांगा, भांडा, मी सायबांकडं येतां. पन दुसऱ्याच्या नावानं आत जाऊ नका रं." पोरं माना डोलवायची आणि कार्ड मारायची वेळ ती यंत्राकडे पाठ करून बसलेली असताना साधायची.

माझा धाकटा भाऊ प्रकाश त्याच कंपनीत कंत्राटी कामाला होता. घरी-दारी पक्या. गणपतीला थोडेच दिवस उरले होते. संतोष नावाचा त्याचा पेणचा दोस्त मूर्तींच्या कारखान्यात रंगाला बसला होता, आणि पक्या आपली पहिली पाळी करून संतोषच्या नावावर दुसरीही करत होता. सलग काही दिवस. घरी आम्हाला सांगितलं होतं की मित्रांबरोबर मंडळाच्या मखराचं काम चाललंय. आईनं त्याच्या लाल डोळ्यांना दूध लावून पाहिलं होतं.

त्या दिवशी दुपारी तीनला पाळी बदलली. नित्या नावाचा त्यांचा तिसरा दोस्त घरी निघाला होता. त्यानं जाता जाता तीन कार्डं मारली. स्वतःचं बाहेर, पक्याचं बाहेर आणि संतोषचं आत. पक्या मात्र आतच होता. दुसऱ्या पाळीच्या कामाला हात लावायच्या आधी जरा पाठ टेकावी म्हणून पंपहाउसच्या मागच्या बोळात पोत्यांवर आडवा झाला आणि त्याला झोप लागली. पंपांच्या घरघरीत तिथं कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही.

थोड्याच वेळात सायरन झाला. पलीकडच्या प्लांटमध्ये पाइपचा एक जोड सुटला होता आणि विषारी वाफ बाहेर पडत होती. वारा पंपहाउसच्या दिशेचा. आम्ही सगळे शिकवल्याप्रमाणे आडव्या वाऱ्यानं पळत गेटजवळच्या चिंचेखाली जमलो. सेफ्टी ऑफिसर यंत्रातली यादी घेऊन नावं पुकारायला लागले, शेजारी मॅनेजरसाहेब. माणसं ओ देत होती. मी माझी ओ दिली आणि निवांत उभा राहिलो. पक्या तीनलाच सुटला, आता मखराच्या कामाला निघाला असेल, असं माझ्या मनात आलेलं मला आजही आठवतं.

"संतोष," ऑफिसरांनी पुकारलं. ओ आली नाही. पुन्हा पुकारलं. मग सुपरवायझर साहेबांच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलला. संतोष आज आलेलाच नाही, कार्ड चुकून लागलंय, पेणला फोन लावून खात्री केलीय, असं काहीसं; भिशीचं नाव त्यानं काढलं नाही. साहेबांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे सगळे बाहेर. वाफ बसेपर्यंत आत कुणी जायचं नाही." लोकांनी पाण्याच्या बाटल्या उघडल्या. कुणीतरी विनोदही केला.

वैजूताई गर्दीतून पुढे आली. तिचा उजवा हात उताणा होता.

"सायेब, पक्या बाहेर आलेला नाय."

साहेबांनी यादी पाहिली. "प्रकाश ना? तो तीनला गेलाय, ताई. हे बघा, कार्ड बाहेर गेलंय."

"कार्ड गेला. पक्या नाय गेला. मी त्याला सुटलास म्हनली नाय."

मी गर्दी ढकलत पुढे आलो. साहेब मोठा माणूस. त्यांनी एक शब्द वाद घातला नाही. मास्क लावलेल्या दोघांना पुढे बोलावलं आणि विचारलं, "कुठं असेल?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. गेटच्या बाहेर, टपरीपाशी मिनीडोर रिक्षाची वाट बघत थांबलेली मंडळी सायरन ऐकून जाळीला येऊन चिकटली होती. त्यात नित्या होता, चुन्यासारखा पांढरा. बोललं तर तिघांचीही नोकरी जाणार, आणि पक्या उठून कुठूनतरी बाहेर पडलाच असेल, या आशेवर तो गप्प होता. ताईनं त्याला हेरलं. ती जाळीपाशी गेली. ओरडली नाही. पोराला जेवायला वाढताना बोलावं तशा आवाजात म्हणाली,

"नित्या, माझ्याकडं बघ. कार्डाचा मना काय पन सांगू नको. मानूस कुठं हाय तेवढा सांग."

"पंपहाउसच्या मागं," नित्या म्हणाला आणि रडायला लागला.

त्यांनी त्याला उचलून आणलं तेव्हा पक्याचे ओठ निळे पडले होते. पुढच्या गोष्टी मला तुटक तुटक आठवतात. ऑक्सिजनचं नळकांडं, रुग्णवाहिकेचं दार, माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात. इस्पितळात डॉक्टर म्हणाले की आणखी थोडा वेळ गेला असता तर काही उरलं नसतं. तो थोडा वेळ आम्हाला कुणी दिला हे मला माहीत आहे. देवाच्या खालोखाल मी त्या बाईचं नाव घेतो, आणि आई तर देवाच्या आधी घेते.

पण वैजूताईला त्याचं कौतुक नको होतं. तिसऱ्या दिवशी ती इस्पितळात आली, नेहमीप्रमाणे भेटीची वेळ संपल्यावर. परिचारिकेशी गोड बोलून आत शिरली. पक्या झोपलेला. ती पायथ्याशी बसली आणि मला हळूच म्हणाली, "दिनू, माझी चूक झाली रं. तीनला तो दिसला नाय तवाच मना कललेला. मना वाटला, कँटीनमधी बसला असल, येल. मी वाट बघत र्‍हायली. तवाच वरडायला पायजे व्हता."

मी म्हणालो, "ताई, तू होतीस म्हणून तो आहे."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पिशवीतून पापडांचा डबा काढून माझ्या हातात दिला.

अजून एक काम तिनं केलं होतं, ते आम्हाला नंतर कळलं. यंत्राच्या हिशेबानं पक्या तीनलाच कामावरून सुटलेला. म्हणजे त्यानंतर त्याला जे झालं ते कामावर झालेलंच नाही. कंत्राटदाराला हे फार सोयीचं होतं. तो दुसऱ्याच दिवशी ताईच्या खिडकीशी आला होता आणि कार्डाची नोंद आहे तशीच राहू द्या म्हणत होता. ताईनं त्याला उभाही केला नाही. अपघाताच्या दिवशी, गेटवर अजून बंब उभा असतानाच, तिनं नित्याला विचारून मस्टरवर लिहून ठेवलं होतं की प्रकाश पहिली पाळी संपल्यावरही आत होता, दुसऱ्या पाळीला संतोषच्या जागी तोच होता, आणि आधीचे दिवसही असंच चालू होतं. खाली तिची सही, सेफ्टी ऑफिसरांची सही. त्या एका नोंदीवर पक्याच्या सगळ्या इलाजाचा खर्च मिळाला. त्याच नोंदीवर पक्या, संतोष, नित्या आणि सुपरवायझर यांची चौकशीही झाली. तिघं पोरं थोड्या काळाच्या निलंबनावर सुटली. पक्या कण्हत कण्हत म्हणायचा, "एकाच ओळीत वाचवला पन आनि मारला पन."

चौकशी संपल्यावर ती स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये गेली. किती वेळ बसली कुणास ठाऊक, पण बाहेर आली ती एक काळा फळा मंजूर करून घेऊनच. तो गेटच्या आत लागला. गणपतीआधी पेणकराच्या जागी रोहेकर येऊ दे, पालखीला रोहेकराच्या जागी पेणकर. पण जो आत जाईल त्याचंच नाव लिहायचं, सलग दोन पाळ्या कुणी करायच्या नाहीत, आणि आठवडाभर आधी फळ्यावर मांडायचं. "अदलाबदल करा, खुशाल करा," ती म्हणायची, "पन उजेडात करा." भिशी मोडली नाही. तिला ती मोडायचीच नव्हती. पालखी दारी आली की घरचा माणूस दारात असावा, हे तिलाही कळत होतंच की.

पक्याची छाती पुढं कायम थोडी नाजूक राहिली. प्लांटमध्ये जायला डॉक्टरांनी मनाई केली. तेव्हा साहेबांनी त्याला टाइम ऑफिसात घेतलं, ताईच्या हाताखाली. ज्या पोरानं तिच्या पाठीमागून कार्डं मारायला लावली, त्याला तिनं खिडकीत शेजारी बसवला आणि तोंडं बघायला शिकवलं. आधी आठवडाभर पेन हातात दिलं नाही. नुसतं बघ म्हणाली. कोण लंगडतो, कुणाचे डोळे लाल, कोण रोज हसतो आणि आज हसला नाही. मी जेवणाच्या सुट्टीत जायचो तर दोघं खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर बोलत असायचे, सासू-सुनेसारखे. घरी आला की पक्या आम्हाला तिच्या नकला करून दाखवायचा. आई हसता हसता हात जोडायची.

गेल्या वर्षी वैजूताई निवृत्त झाली. चिंचेखालीच कार्यक्रम झाला. साहेब बदलून गेले होते, तरी पुण्याहून आले. फलक, शाल, नारळ, भाषणं. ताईनं भाषण केलं नाही. दोन्ही पाळ्यांचे लोक थांबले होते, संतोष तिच्यासाठी हातभर उंचीचा गणपती घेऊन आला होता, नित्याची बायको रडत होती. या सगळ्यात ताईची साडेपाचची सुट्टीची वेळ कधीच उलटून गेली. शेवटी ती एका हातात गणपती आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन गेटकडे निघाली आणि आम्ही तिच्या मागून.

खिडकीत पक्या बसला होता. कार्यक्रमाला आलाच नव्हता. जागा सोडून कसा येऊ, म्हणाला होता. ताई खिडकीसमोर आली आणि थांबली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत ती सगळ्यांना, शेवटी पक्यालासुद्धा, सोडून मग स्वतः बाहेर पडायची, आणि तिला ते वाक्य म्हणणारं खिडकीत कुणीच नसायचं.

पक्या उभा राहिला. "सुटलीस गो ताय..." एवढं म्हणाला आणि पुढचं जा म्हणायचं राहून गेलं.

ताईनं त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले. मग तिनं गणपती माझ्या हातात दिला आणि आपला हात उताणा केला.

"वेल लिव," ती म्हणाली. "साडेपाच लिवू नको. उशीर झालाय मना."

पक्यानं आधी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि खरी वेळ लिहिली. तिला वाचून दाखवली. तिनं मान हलवली.

"जा," पक्या म्हणाला.

आणि ती गेली.